अठ्ठेचाळीस की तीन

उमापूर, ता. ३ मेहर १३३१ फसली

तीर्थरूप साखरामावशीस मनकर्णाचा नमस्कार.

मावशी, मी नापास झाले. हे सगळ्यात वर लिहिलं, म्हणजे तुम्हांला खाली शोधत बसायला नको. मास्तरकीच्या परीक्षेत मराठीत पास, इतिहासात पास, शिवणकामात तर पहिली. गणितात एकतीस. तेहेतीस लागत होते.

सोडचिठ्ठी घेऊन माहेरी आले तेव्हा सगळे म्हणाले, मेंढरांमागं धाडा हिला. एकट्या तुम्ही मला नेकनूरला नेलंत, तीन वर्षं घरात ठेवून शिकवलंत. आता तुम्हांला तोंड कसं दाखवू?

इथं मुलींची शाळा काढायला सरकारची मंजुरी आलेली आहे. पाटलांनी चावडीमागची खोली दिली. मी घरोघर फिरून एकोणीस मुलींची नावं लिहून आणली. पण आबान संपून आजूर महिना, म्हणजे नवं फसली साल, लागायच्या आत पास झालेली बाई हजर झाली नाही, तर मंजुरी रद्द. बाहेरची बाई या आडगावात यायला तयार नाही. म्हणजे मी नापास, तर शाळाही नापास.

आबा म्हणाले, "दोनशे मेंढरं मोजतो मी रोज, एक इकडचं तिकडं होत न्हाई. तू कागदावर कावून चुकली?" मग म्हणाले, "कागद आला तर शाळेत बस. न्हाई आला तर मेंढरं हालायच्या येळी आमच्यासंगं चल. रिकामी बसलेली लेक गावाच्या लई डोळ्यांत येती."

घात केला तो घातांकाच्या प्रश्नानं. मला घातांक कळलेच नाहीत असं दिसतं.

तुमची,
मनकर्णा


नेकनूर, ता. ९ मेहर १३३१ फसली

चिरंजीव मनकर्णास आशीर्वाद. ते दिले आहेत म्हणून हुरळून जाऊ नकोस, पत्र अजून संपायचं आहे.

"कळलेच नाहीत असं दिसतं." कुणाला दिसतं? मला विचारलंस? मोमिनाबादच्या रिसाल्यातल्या घोडेस्वाराची मी मुलगी. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात सिस्टर अगाथानं मला हातावर पट्टी मारमारून गणित शिकवलं, आणि ते मी अडतीस वर्षं मुलींना शिकवलं. पेन्शन घेतली म्हणून मला विसर पडला, असं तुझं म्हणणं आहे काय?

तू काय केलं असशील ते मी इथं बसून सांगते. घाई. आधी कंस. मग घात. मग गुणाकार आणि भागाकार, ज्यांच्यात थोरला-धाकटा कुणी नाही. डावीकडून चालताना जो आधी भेटेल त्याला आधी सोडवायचं. शेवटी बेरीज-वजाबाकी, त्याच रीतीनं. तुला गुणाकार लाडका. भागाकार वाटेत उभा असताना त्याला ओलांडून तू गुणाकाराकडं धावली असशील. शंभरदा सांगितलं होतं.

उत्तरपत्रिका परत मिळाली असेल तर तो प्रश्न जसाच्या तसा उतरवून पाठव. आणि हेही लिही: दरवर्षी विचारतात तो प्रश्न, दोनाचा शून्य घात किती, याचं उत्तर तू एक लिहिलंस, की तिथंही शून्य लिहून ठेवलंस? एक लिहिलं असशील तर पाठ होतं म्हणून की कळलं होतं म्हणून?

रडत बसू नकोस. रडून कुणाचेही गुण वाढल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

साखराबाई


उमापूर, ता. १६ मेहर १३३१ फसली

तीर्थरूप मावशीस नमस्कार.

प्रश्न सातवा असा होता:

४८ ÷ ४ × २²

मी आधी घात सोडवला. दोनाचा वर्ग चार. राहिलं ४८ ÷ ४ × ४. डावीकडून निघाले. अठ्ठेचाळीस भागिले चार, बारा. बारा गुणिले चार, अठ्ठेचाळीस. त्यावर तांबड्या शाईची फुली आहे, शेजारी ३ लिहिलेले आहेत, आणि सहापैकी शून्य गुण. मी दहादा करून पाहिलं. दहाही वेळा अठ्ठेचाळीसच येतात. म्हणजे मी दहाही वेळा चुकते.

शून्य घाताचं उत्तर एक लिहिलं, ते बरोबर धरलंय. पाठ नव्हतं, मावशी. तुमच्याकडं पाठ केलं होतं, पण विसरले होते. मागल्या उन्हाळ्यात आई घोंगडी घडी करत होती. एक घडी घातली की दोन पदर, दुसरी घातली की चार, तिसरी घातली की आठ. दोनाच्या डोक्यावरचा बारीक आकडा म्हणजे घड्या किती, आणि उत्तर म्हणजे पदर किती. मग घडीच घातली नाही तर? घोंगडी काही नाहीशी होत नाही. एक पदर राहतोच. म्हणून शून्य घात एक.

आणि तीन घड्यांवर आणखी दोन घातल्या तर एकूण पाच घड्या, पदर बत्तीस. म्हणून दोनाच्या तिसऱ्या घाताला दुसऱ्या घातानं गुणताना घातांकांची बेरीज होते. हे करताना घोंगडीला पाच घड्या पडेनात. मी जोर लावला तर आई ओरडली, "अगं घोंगडी हाय का भाकर हाय ती, कितींदा दुमडती?" मग तिचं जुनं लुगडं घेतलं.

हे एवढं कळूनही सातवा प्रश्न चुकला. तुम्ही म्हणता तशी घाई झाली असणार.

मनकर्णा


नेकनूर, ता. २१ मेहर १३३१ फसली

चिरंजीव मनकर्णास आशीर्वाद. या खेपेला खरेखुरे.

मागच्या पत्रातलं सगळं मी मागं घेते. शंभरदा सांगितलं होतं, तेवढं राहू दे.

बाई गं, तू चुकली नाहीस! मी सकाळी करून पाहिलं, दुपारी केलं, केसरबाई पाणी भरायला आली तिच्यासमोर पुन्हा केलं. अठ्ठेचाळीस. केसरबाईला अक्षर येत नाही, पण ती म्हणाली, "बाई, तुमी येवढं चिडलाय म्हंजी दुसऱ्याचंच चुकलं असंल." तिला माझी पारख आहे.

ते तीन कुठून आले ते संध्याकाळी सापडलं. त्यांनी घात सोडवला तो ठीक. मग आधी शेवटचा गुणाकार केला, चार चोक सोळा. मग अठ्ठेचाळीसला सोळानं भागलं. आले तीन. म्हणजे तुझ्यावर मी जो आळ घेतला, तोच गुन्हा तपासणाऱ्यानं स्वतः केला आणि वर तुलाच शिक्षा ठोठावली! कुणी शहाणा माणूस असं उलटं का करील, हे काही मला उमगत नाही. मी परीक्षेच्या दफ्तराला अर्ज लिहिला आहे. सभ्य भाषेत लिहिला आहे. दुसऱ्या खर्ड्यात.

आता एक गोष्ट कबूल करते, ती कुणाला सांगू नकोस. शून्य घात एक का, हे मी सिस्टर अगाथाला विचारलं होतं. तिनं मला अर्धा दिवस व्हरांड्यात उभं केलं. त्यानंतर मी विचारलं नाही. मुलींनी मला विचारलं तेव्हा मीही त्यांना उभंच केलं. अडतीस वर्षं. कारण मला येत नव्हतं. तुझं पत्र वाचून उठले, खुंटीवरची घोंगडी काढली आणि या वयात पहिल्यांदा मला ते कळलं.

साखराबाई


उमापूर, ता. १० आबान १३३१ फसली

तीर्थरूप मावशीस नमस्कार.

दफ्तराचं उत्तर तुम्ही पाठवलंत ते पोचलं. "उत्तर तीन हेच दुरुस्त आहे. मुनशी बंकटराव यांनी जातीनं काढलेलं आहे. सदर बाईंनी याबाबत पुन्हा लिहू नये."

मावशी, आता सोडून द्या. तुम्ही खूप केलंत. आबांनी खोगिरं दुरुस्त करायला घेतली आहेत, आई पालाची फाटकी बाजू शिवते आहे. मी त्यांच्यासोबत जाईन. मेंढरांची मला सवय आहे. मुलींची यादी मी पाटलांना परत दिली.

कृपा करून पुन्हा अर्ज करू नका. माझी एवढी विनंती ऐका.

मनकर्णा


नेकनूर, ता. १३ आबान १३३१ फसली

मनकर्णा,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही.

घाबरलीस. मुनशीच्या सहीला घाबरलीस! ज्या पोरीनं पंचांसमोर उभं राहून सोडचिठ्ठी मागून घेतली, ती एका बोरूच्या फराट्याला घाबरली? की आबांनी कुठं दुसरं स्थळ पाहिलंय आणि तुझं मन तिकडं लागलंय? तसं असेल तर स्पष्ट लिही, मी लुगडं पाठवते आणि गप्प बसते.

यादी परत दिलीस. एकोणीस मुलींच्या आया त्या दिवशी काय म्हणाल्या असतील, ते तू लिहिलं नाहीस. मी सांगू? काहीच म्हणाल्या नसतील. त्यांना सवय आहे. त्याचाच मला संताप येतो.

साखराबाई


उमापूर, ता. १८ आबान १३३१ फसली

तीर्थरूप मावशीस नमस्कार.

स्थळ नाही आणि भीतीही नाही. लपवलं होतं ते आता लिहिते.

इथल्या मौलवीसाहेबांची शमसुन्निसा माझी मैत्रीण. आम्ही एकाच गाडीतून परीक्षेला गेलतो. ती उर्दूच्या बाकावर होती, मी मराठीच्या. परत येताना उत्तरं ताडून पाहिली. तिच्या कागदातही तेच गणित होतं आणि तिनंही अठ्ठेचाळीसच लिहिलं. ती पास झाली, चौतीस गुणांनी. गेवराईच्या शाळेत तिला जागा मिळाली आहे.

तुमचा अर्ज वर गेला आणि त्यांनी सगळे कागद पुन्हा काढले, तर मला सहा देण्यापेक्षा तिचे सहा कापणं त्यांना सोपं नाही का? मुनशीजी म्हणतात उत्तर तीन. मग शमसूचं चूक. मी पास व्हावं म्हणून ती नापास व्हावी, हे माझ्यानं व्हायचं नाही. तिला मी यातलं काहीच सांगितलेलं नाही.

यादी परत दिली तेव्हा चतुराबाईनं, जिच्या दोन मुली यादीत आहेत, एवढंच विचारलं, "मग पाट्या घेतल्यात त्या काय करू?"

मनकर्णा


नेकनूर, ता. २८ आबान १३३१ फसली

माझ्या गुणी मनकर्णे, तुला लाख आशीर्वाद. पत्र उभ्यानं वाचू नकोस, खाली बस.

तुझं पत्र वाचलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. उर्दूच्या गठ्ठ्यात अठ्ठेचाळीस बरोबर आणि मराठीच्या गठ्ठ्यात तेच अठ्ठेचाळीस चूक? मग हे अडाणीपण नव्हे, याला काहीतरी वाट आहे. शमसूचं नाव तोंडातून काढायचं नाही असं ठरवलं आणि परवा छकडा जुंपून बीडला गेले. केसरबाईला बरोबर घेतलं. एकटी बाई दफ्तरात गेली की शिपायाला वाटतं अर्ज आलाय. दोघी गेल्या की त्याला कळतं, भांडण आलंय.

शिपाई म्हणाला, "साहेब कामात हायेत."

"मीही कामातच आहे," मी म्हणाले. "सरक."

आत मोहतमीम साहेब, म्हणजे शाळांवरचे मोठे साहेब. पांढरी दाढी, गोड बोलणं. "फर्मावा, बाईसाहेब. आपला अर्ज मी वाचला. दोन वेळा वाचला. मिरची फार होती."

"दुसऱ्या खर्ड्यात कमी केली होती, साहेब. मुनशीजींना बोलवा, आणि त्यांच्या हातात ही पाटी द्या."

बंकटराव आले. वाळकं अंग, कानामागं बोरू, घरात मराठी बोलणारा पण शिक्षण सारं उर्दूत झालेला माणूस. मी पाटीवर तुझं गणित लिहिलं आणि म्हणाले, "सोडवा." मी उत्तराकडं पाहिलं नाही. मी हाताकडं पाहत होते. मनकर्णे, त्यांचं बोट सरळ पाटीच्या उजव्या कडेला गेलं! दोनाचा वर्ग, चार. त्याच्या डावीकडचे चार, गुणाकार, सोळा. मग आणखी डावीकडं सरकून अठ्ठेचाळीस, भागिले सोळा. "तीन," म्हणाले, आणि माझ्याकडं असं पाहिलं जसं काही मी त्यांचं जेवण मोडून आले होते.

मी म्हणाले, "छान. आता हेच गणित पाटीच्या मागच्या बाजूला उर्दूत लिहा आणि सोडवा."

उर्दूत त्यांनी उजवीकडून लिहिलं, जसं लिहितात तसं. अठ्ठेचाळीस उजव्या टोकाला, वर्ग डाव्या टोकाला. आणि पुन्हा उजवीकडून निघाले. अठ्ठेचाळीस भागिले चार, बारा. दोनाचा वर्ग चार. बारा चोक...

हात थांबला. त्यांनी पाटी उलटली. पुन्हा उलटली. पुन्हा उलटली.

"मुनशीजी," मी म्हणाले, "गणित एक, पाटी एक, माणूस एक. उत्तरं दोन कशी?"

त्यांनी पाटी खाली ठेवली. "नियम तर मी एकच लावला, बाई. लिहिणं जिकडून सुरू होतं तिकडून..." आणि पुढचं त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. हळू आवाजात म्हणाले, "मराठी डावीकडून सुरू होतं."

"कधीपासून, बंकटराव?" मोहतमीम साहेबांनी विचारलं, आणि मग ते इतके हसले की केसरबाईनं त्यांना पाणी नेऊन दिलं.

नियमच असा की घात झाल्यावर, गुणाकार-भागाकार वाचायच्या दिशेनं सोडवायचे. बिचाऱ्याच्या बोटांना लहानपणापासून एकच दिशा ठाऊक. मराठी कागदाची उत्तरं काढायला बसले आणि बोटं सवयीनं उजवीकडून निघाली. उर्दूत जे बरोबर, तेच मराठीत उलटं झालं. जिल्ह्यातल्या मराठी परीक्षार्थींना त्याची सजा.

मराठीचा सगळा गठ्ठा तिथल्या तिथं मागवला. पाच जणींचे सहा-सहा गुण परत आले. उर्दूच्या गठ्ठ्याला कुणी हात लावला नाही, लावायचं कारणच उरलं नव्हतं. तुझी शमसू सुखरूप आहे, आणि तू सदतीस गुणांनी पास आहेस. पास! हुकूम माझ्यासमोर लिहिला, माझ्यासमोर शिक्का मारला, आणि हरकारा गेवराईच्या वाटेला लागलेला पाहूनच मी छकड्यात बसले. उद्यापरवा तुला मिळेल. महिना संपायच्या आत हजर हो. यादी मागून आण. चतुराबाईला सांग, पाट्या काढ.

आणि ऐक, निघताना मला राहवलं नाही. दारातून वळून मी मुनशीजींना विचारलं, "जाता जाता सांगा. दोनाचा घन करा, आणि त्या घनाचा वर्ग करा. किती?" ते हळूच म्हणाले, "चौसष्ट." "चूक!" मी म्हणाले. "तीन आणि दोन पाच, दोनाचा पाचवा घात बत्तीस! जरा अभ्यास करा." बिचाऱ्यानं मान खाली घातली. छकड्यात बसून नेकनूर येईपर्यंत मी आणि केसरबाई हसत होतो.

तुझी,
साखरामावशी


उमापूर, ता. १५ आजूर १३३२ फसली

तीर्थरूप मावशीस मनकर्णाचा साष्टांग नमस्कार.

हुकूम एकोणतीसला हातात पडला, तीसला मी हजर झाले. एका दिवसानं शाळा वाचली. पहिल्या दिवशी एकोणीसपैकी अकरा मुली आल्या. दुसऱ्या दिवशी सोळा. आज तेवीस आहेत, चार यादीत नव्हत्या त्या भावंडांना कडेवर घेऊन आल्या आहेत आणि जायला तयार नाहीत. चतुराबाई स्वतः दाराबाहेर बसते. विचारलं तर म्हणते, "उन्हाला बसलीया." तिथं ऊन येत नाही.

आबांनी मेंढरं हलवायचं आठ दिवस लांबवलं. रोज शाळेवरून जातात. काल पाटलांना म्हणत होते, "गणितात सरकार चुकलं हुतं, आमची मनकर्णा न्हाई." पाटील म्हणाले, "आश्रुबा, जरा हळू बोल, सरकार हाय." आबा म्हणाले, "हळू कावून? कागदावर शिक्का हाय."

शमसूला सगळं सांगितलं. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. सांगितलं का नाहीस म्हणून. तिसऱ्या दिवशी शेवयांचा डबा पाठवला.

आता एक गोष्ट लिहिते, रागावू नका. सरकारातून तांबडी शाई आली आहे. मुलींच्या पाट्यांवर ती चालत नाही, म्हणून पहिल्यांदा तुमच्या पत्रावर वापरली. पत्र सोबत परत पाठवते. शेवटच्या पानावर फुली आहे.

दोनाचा घन आठ. आठाचा वर्ग, आठ आठे चौसष्ट. तिसऱ्या घाताला दुसऱ्या घातानं गुणलं असतं तर घातांकांची बेरीज झाली असती आणि बत्तीस आले असते. पण इथं घाताचाच घात आहे. तिनाचा गट दोनदा घ्यायचा, म्हणून तीन दुणे सहा, दोनाचा सहावा घात. मुनशीजी बरोबर होते, मावशी. तुम्ही त्यांना सगळ्या दफ्तरासमोर चूक म्हणालात.

तुमच्याच शिकवणीतली,
मनकर्णा


नेकनूर, ता. २३ आजूर १३३२ फसली

चिरंजीव मनकर्णास, आणि तिच्या तांबड्या शाईस, आशीर्वाद.

पत्र आलं तेव्हा केसरबाई समोर होती. तिनं विचारलं, "बाई, तुमी गप कावून?" मी म्हणाले, "या खेपेला माझंच चुकलंय." ती म्हणाली, "मंग छकडा जुंपायला सांगू?" पारख आहे म्हटलं ना तिला.

बीडला गेले. शिपायानं मला पाहिलं आणि तो आपणहून बाजूला झाला. बंकटराव कागदात डोकं घालून बसले होते. मला बघून ते उठले, आणि मागच्या भिंतीपर्यंत सरकले.

मी म्हणाले, "मुनशीजी, चौसष्ट."

"मला ठाऊक होतं, बाई," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"त्या दिवशी तुमच्यापुढं बोलायची हिंमत मोहतमीम साहेबांना झाली नाही, मी तर मुनशी."

मी माफी मागितली. अडतीस वर्षांत मी कुणाची मागितली नव्हती, त्यामुळं शब्द जुळवायला वेळ लागला. ते बिचारे थांबून राहिले. मग त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. नव्या परीक्षेचे मराठी कागद टेबलावर होते. प्रत्येकाच्या डाव्या कडेला त्यांनी स्वतःसाठी बारीक बाण काढून ठेवला होता, उजवीकडं तोंड केलेला. मी पाहतेय हे बघून त्यांनी हात आड धरला. मी म्हणाले, "राहू द्या. मीही एक काढून घेते."

उठता उठता त्यांनी विचारलं, "पण बाई, बत्तीसची चूक काढली कुणी? तुम्ही तर म्हणे कुणाचं ऐकत नाही."

दफ्तरात नऊ माणसं होती. शिपाई धरून दहा. मी आवाज चढवला, म्हणजे ओसरीवर बसलेल्यांनाही ऐकू जावं.

"उमापूरच्या मुलींच्या शाळेच्या मास्तरीणबाईंनी काढली," मी म्हणाले. "त्यांना तुम्ही गणितात नापास केलं होतं."

तुझी,
साखरामावशी